बिनतारी बोलणे : परवाना आणि शिष्टाचार

अंधेरी-कुर्ला रस्त्यास साकीविहारचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या आपल्या साकीनाक्याच्या चौकात सायंकाळी वाहनांची जी कोंडी होते तिचे वर्णन ह्या मासिकाच्या वाचकांस करून सांगण्याची गरज नाही. प्रत्येक जण भोंगा वाजवीत असतो, आणि भोंगा वाजविल्याने कोंडी सुटत नाही हेही प्रत्येकास ठाऊक असते. तथापि रस्त्यावरील कोंडीत एक सोय आहे : ती डोळ्यांस दिसते. आपल्या डोक्यावरून जे बिनतारी संदेश अहोरात्र जात असतात त्यांचेही असेच रस्ते आहेत, तेही अरुंद आहेत, आणि त्यांवरही कोंडी होते. परंतु ती दिसत नाही. म्हणून तेथे आडवे घुसणाऱ्यास आपण कोणाच्या आडवे आलो ह्याचा पत्ता नसतो.

ह्या विषयावर लिहिण्याचे कारण असे. हातात धरून बोलण्याचे बिनतारी यंत्र, ज्यास सर्व जण वॉकी-टॉकी म्हणतात, ते पूर्वी पोलीस आणि लष्कर ह्यांच्याच हाती दिसे. आता ते इमारतींच्या पहारेकऱ्यांच्या कमरेला आहे, बांधकामावरील मुकादमाच्या खिशात आहे, उत्सवाच्या दिवसांत मंडळांच्या स्वयंसेवकांच्या हाती आहे, आणि वाढदिवसाची भेट म्हणून ते मुलांच्याही हाती येऊ लागले आहे. ते विकत घेणे पतंग विकत घेण्याइतकेच सोपे झाले असल्यामुळे त्याच्या वापरास काही नियम असतील ही शंकाच बहुतेकांच्या मनास शिवत नाही. तार नाही, वीजबिल नाही, कंपनीची मासिक वर्गणी नाही. मग हवा काय कोणाच्या बापाची आहे, असा एकंदर समज. हवा कोणाच्या बापाची नाही हे खरेच. आणि म्हणूनच ती सर्वांची आहे, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात.

मोबाइल दूरध्वनी आणि हे यंत्र ह्यांत मोठा भेद आहे. मोबाइलवर आपण बोलतो तेव्हा मध्ये कंपनीचा मनोरा असतो. तो प्रत्येकास वेगळी वाट काढून देतो आणि गर्दी झाल्यास मार्गांची वाटणी करतो. त्या मनोऱ्यासारखा व्यवस्थापक साध्या बिनतारी यंत्रास नसतो. एक कंपनसंख्या म्हणजे एक खोली. त्या खोलीत कितीही माणसे बसू शकतात, सर्वांना सर्व काही ऐकू येते, पण बोलता मात्र एका वेळी एकालाच येते. बटण दाबले की आपण बोलू लागतो आणि त्याच क्षणी बहिरे होतो. कारण एकाच कंपनसंख्येवर बोलणारे यंत्र त्याच वेळी ऐकू शकत नाही. मनुष्यस्वभावाविषयी ह्या यंत्राने एक मोठीच गोष्ट उघड केली आहे, पण ते असो.

ह्याहून महत्त्वाचा एक शास्त्रीय मुद्दा आहे. हातातील बहुतेक यंत्रे ज्या पद्धतीने बोलतात तिला एफ्. एम्. म्हणतात. ह्या पद्धतीत दोन जण एकदम बोलले, तर ज्याची लहर जोरकस तोच ऐकू येतो. दुर्बळ लहर नुसती मंद होत नाही, ती ऐकणाऱ्याच्या लेखी नाहीशीच होते. म्हणजे डोंगराआड अडकलेला, विद्युद्घट संपत आलेला मनुष्य मदतीसाठी हाक मारीत असेल, आणि त्याच वेळी चौकातील एखादा धट्टाकट्टा गृहस्थ चहा सांगण्यासाठी बटण दाबील, तर ऐकणाऱ्याला फक्त चहाच ऐकू येईल. त्या गृहस्थाच्या मनात काही पाप नाही. आपल्या खाली कोणाचा आवाज दडपला गेला हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

आता विद्यार्थ्यांनी शाळेच्या गच्चीवरून वर पाहावे. वारा पश्चिमेचा असला म्हणजे घाटकोपर आणि असल्फा ह्यांवरून एकामागून एक विमाने खाली येतात व आपल्या माथ्यावरून विमानतळाच्या धावपट्टीवर उतरतात. त्यांच्या गडगडाटाने वर्गातील शिक्षकांस वाक्य अर्ध्यावर थांबवावे लागते, हा आपला नित्याचा अनुभव. प्रत्येक विमानाचा वैमानिक ह्या वेळी नियंत्रण-कक्षाशी बिनतारी यंत्रानेच बोलत असतो, आणि त्या संभाषणासाठी सुमारे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर राखून ठेवलेला आहे. जमिनीवरील यंत्राचा पल्ला घरे आणि टेकड्या ह्यांनी अडतो. पण वर आकाशात असलेल्या विमानाच्या आणि आपल्या मध्ये काहीच नसते. खालच्या गल्लीतील ज्या यंत्राचा आवाज पलीकडच्या गल्लीत पोचत नाही, तो आकाशात मात्र सहज पोचतो. स्वस्त, कोणतीही तपासणी न झालेले यंत्र आपल्या ठरल्या कंपनसंख्येबाहेरही लहरी सांडीत असते, आणि पुष्कळ यंत्रांवर तर नुसत्या कळा दाबून कंपनसंख्या बदलता येते. तेव्हा साकीनाक्यात ह्या विषयाला जे महत्त्व आहे ते एखाद्या आडगावी नसेल.

हे भय कल्पनेतले नाही. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड प्रवासी विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या अपघाताची कारणे अनेक होती. पण त्यांतील एक आपल्या विषयाचे आहे. उड्डाणास अधीर झालेल्या एका विमानास नियंत्रकाने 'थांबा, मी सांगतो' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असे कळविले. विमानांची पद्धती ए. एम्. असल्यामुळे दोन लहरी एकमेकींत मिसळल्या आणि पहिल्या विमानात केवळ एक कर्कश शीळ ऐकू आली. दोन्ही वाक्ये खरी होती, दोन्ही वेळेवर उच्चारली गेली होती, त्यांपैकी कोणतेही एक धड ऐकू आले असते तर ती माणसे कदाचित वाचली असती. ती बोलणारी माणसे तर परवानाधारक आणि शिकलेली होती. ह्या अपघातानंतर वैमानिकांच्या शब्दयोजनेचे नियम अधिक कडक करण्यात आले. 'उड्डाण' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी नाही, असे ठरले. शब्द मोजून वापरण्याची ही सक्ती व्याकरणाच्या शिक्षकांनी केलेली नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशात तारायंत्राचा कायदा १८८५ सालचा, आणि बिनतारी यंत्रांचा स्वतंत्र कायदा १९३३ सालचा. ह्या दुसऱ्या कायद्याचा विशेष असा की यंत्र वापरणेच नव्हे, तर ते परवान्यावाचून जवळ बाळगणे हाही त्यात अपराध मानला गेला. एके काळी नुसत्या ऐकण्याच्या रेडिओलाही परवाना लागे; टपालकचेरीत दरसाल फी भरून लहानशा पुस्तकावर शिक्का मारून आणावा लागे, हे घरातील आजोबांना विचारल्यास ते हसत हसत सांगतील. ते बंधन गेले, आणि ते गेले हे योग्यच झाले, कारण ऐकणारा कोणाच्या आडवा येत नाही. बोलणाऱ्याची गोष्ट निराळी. २०२३ साली संसदेने दूरसंचाराचा नवा कायदा संमत केला असून त्याची कलमे व त्याखालील नियम टप्प्याटप्प्याने अंमलात आणावयाचे असे ठरले. म्हणून ज्यास परवान्यासाठी अर्ज करावयाचा असेल त्याने त्या वेळचे चालू नियम प्रथम पाहावेत हे बरे.

सरकार प्रत्येक यंत्रासाठी परवाना मागते असा मात्र समज करून घेऊ नये. थोड्या शक्तीच्या, जवळच्या पल्ल्याच्या यंत्रांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा २०१८ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त करण्यात आला. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचाही एक पट्टा, पाच वॉटपर्यंतच्या शक्तीच्या अटीवर, असाच मोकळा ठेवण्यात आला आहे. तथापि ही सूट पट्ट्याला आणि शक्तीला आहे, दुकानात दिसणाऱ्या हरएक यंत्राला नाही. शिवाय यंत्राचा नमुना सरकारी तपासणीत मान्य झालेला असावा लागतो. घरबसल्या माल विकणाऱ्या दुकानांवर ही माहिती न देताच यंत्रे विकली जात असल्याचे आढळल्यावरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ च्या मे महिन्यात अशा विक्रेत्यांस नोटिसा पाठविल्या आणि यंत्राची कंपनसंख्या, परवान्याची आवश्यकता व तपासणीचा दाखला ग्राहकास स्पष्ट दिसेल असे छापावे अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. पालकांनी एवढेच करावे : मुलासाठी असे यंत्र घेताना खोक्यावर ४४६ चा आकडा आणि मान्यतेचा उल्लेख आहे की नाही हे पाहावे, आणि नसल्यास ते परत ठेवून मुलास क्रिकेटची बॅट घेऊन द्यावी. 'पाच मैलांचा पल्ला' असे मोठ्या अक्षरांत छापलेले यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेणारे पालक आपल्या पाल्याच्या हाती काय देत आहेत हे त्यांस ठाऊक नसते. विक्रेत्यास मात्र ते ठाऊक असते, आणि आमच्या मते दोषाचा मोठा वाटा त्याचाच.

ज्यास ह्या चिंचोळ्या पट्ट्याबाहेर पडून दूरदेशींच्या माणसांशी बोलावयाचे आहे त्याच्यासाठी हौशी बिनतारी सेवेची वाट आहे. हिचे नियम १९७८ साली झाले व पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. ह्या नियमांनुसार दिल्लीच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून परवाना मिळत आला आहे. त्यासाठी परीक्षा आहे. तीत विजेची व बिनतारी विद्येची मूलतत्त्वे आणि नियम ह्यांवर प्रश्न असतात. वरच्या श्रेणीसाठी ह्याखेरीज मोर्सच्या सांकेतिक लिपीत मिनिटास आठ शब्द ह्या वेगाने संदेश पाठविता व घेता यावे अशी अट घालण्यात आली. आपल्या देशातून तारेची सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, परंतु ते 'कड् कट्ट' असे हौशी मंडळींच्या घरांत अद्याप वाजत असते. वयाची मर्यादा पुष्कळांस आश्चर्यकारक वाटेल : बारा वर्षे. म्हणजे मोटार चालविण्यास जो मुलगा अजून सहा वर्षे अपात्र आहे, तो ह्या परीक्षेस बसू शकतो. सातवीतील विद्यार्थिनी पुण्याशीच काय पण पेरूशीही बोलू शकते. फीही वीस वर्षांस एक हजार रुपये, जन्मभरासाठी दोन हजार रुपये, अशी ठेवण्यात आली.

परवाना मिळाला म्हणजे त्याबरोबर एक नाव मिळते. हे नाव म्हणजे अक्षरे आणि अंक ह्यांची एक खूण असून तशी खूण जगात दुसऱ्या कोणाचीही नसते. खालच्या श्रेणीस 'व्ही. यू. ३' आणि वरच्या श्रेणीस 'व्ही. यू. २' अशी तिची सुरुवात. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हे व्ही. यू. २ आर्. जी. ह्या नावाने बोलत. बोलण्याच्या आरंभी आणि शेवटी हे नाव उच्चारलेच पाहिजे, असा नियम आहे. परवान्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी येथे बदलावयास हवी असे आम्हांस वाटते. परवाना म्हणजे सरकारने घातलेली बेडी, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती ह्या बाबतीत तरी खरी नाही. अंधारात दार ठोठावणाऱ्यास आपण 'कोण आहे?' असे विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर देता येणे म्हणजे हा परवाना. ज्यास नाव नाही तो हवेत बोलतो खरा, पण आपल्या बोलण्याची जबाबदारी घेत नाही.

येथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी उठून म्हणेल, 'मग १९४२ च्या काँग्रेस रेडिओचे काय? त्याला कोठे परवाना होता?' प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून ह्या विषयावर मुंबईत कोणी लिहू नये. महायुद्ध सुरू होताच १९३९ साली सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द करून त्यांची प्रक्षेपण-यंत्रे जमा करण्याचा हुकूम काढला होता. अशा वेळी, ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस, बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांचे सोबती ह्यांनी मुंबईतच गुप्त प्रक्षेपण सुरू केले. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवीत असत. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत ऐन प्रक्षेपण चालू असता धाड पडली. उषाताईंस चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांनी विल्सन महाविद्यालयात तीस वर्षे राज्यशास्त्र शिकविले. मिशनच्या संस्थेत शिकणाऱ्या आपल्या मुलांस ही गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

त्यांनी कायदा मोडला, ह्यात संशय नाही. पण तो कसा मोडला हे पाहावे. त्या केंद्रावरून रोज आरंभी केंद्राचे नाव सांगितले जाई, आणि आपण ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर बोलत आहोत हेही सांगितले जाई. ठिकाण तेवढे गुप्त होते, नाव नव्हे. ज्या बातम्या सरकार दडपीत होते त्या सांगण्यावाचून त्यांचा दुसरा हेतू नव्हता, आणि पकडले गेल्यावर त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने भरली. आज बिनपरवाना यंत्रावरून गाणी लावणारा किंवा दुसऱ्याच्या संभाषणात शीळ घालून पळणारा मनुष्य उषाताईंचा दाखला देऊ लागला तर त्यास विचारावे, की बाबा रे, तुझे नाव काय, आणि तू कोणती किंमत द्यावयास तयार आहेस? परक्या सत्तेने प्रजेचे तोंड बंद करण्यासाठी वापरलेला परवाना आणि आपणच निवडलेल्या राज्याने गर्दीत वाट सर्वांना मिळावी म्हणून ठेवलेला परवाना ह्या दोन वस्तू एक नव्हेत. अर्थात आपल्या राज्याचा परवानाही कधी तोंड बंद करण्यासाठी वापरला जाणार नाही ह्यावर नागरिकांनी डोळा ठेवावा, हेही उषाताईंच्या उदाहरणातूनच निघते.

परंतु कायद्याने सर्व होत नाही. आमच्या मते ह्या विषयाचा गाभा परवान्यात नसून शिष्टाचारात आहे, आणि शिष्टाचारातही पहिले स्थान ऐकण्याला आहे. जगभरच्या हौशी मंडळींचा पहिला पाठ असा, की बटणाला हात लावण्यापूर्वी ऐका. जागा रिकामी वाटली तरी लगेच बोलू नका. 'ही जागा कोणी वापरीत आहे काय?' असे विचारा, आणि पुन्हा ऐका. कारण दोघांपैकी एक आपल्या जवळचा आणि एक दूरचा असेल, तर आपल्याला ऐकू न येणारा दूरचा मनुष्य त्या क्षणी बोलत असू शकतो, आणि आपल्याला वाटणारी शांतता ही खरी शांतता नसते. दुसरी रीत विरामाची. समोरच्याचे वाक्य संपल्याबरोबर त्यावर झडप घालावयाची नाही. दोन श्वास थांबावयाचे. त्या दोन श्वासांच्या फटीतूनच संकटात सापडलेला एखादा तिसरा मनुष्य आत येऊ शकतो. ज्या मंडळींनी वर्षानुवर्षे हे पाळले आहे त्यांचे साधे घरगुती बोलणेही निराळे वाटते. ती माणसे दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देतात.

मग बोलण्याची ढब. थोडक्यात, सावकाश, आणि पाळी देताना ती दिली असे सांगून. नावे व अक्षरे स्पष्ट कळावीत म्हणून प्रत्येक अक्षरास एक शब्द ठरलेला आहे. 'ए' साठी अल्फा, 'बी' साठी ब्राव्हो, 'सी' साठी चार्ली. बालवर्गात 'क कमळाचा, ब बदकाचा' म्हणून आपण जे शिकलो तेच हे, फक्त मोठ्या माणसांनी गंभीर चेहऱ्याने म्हणावयाचे. काम भागेल तेवढीच शक्ती वापरावी. चौकापलीकडच्या मित्राशी बोलताना सबंध मुंबईला ऐकू जाईल असा जोर लावणे हे वाचनालयात ओरडण्यासारखे आहे. धंद्याची बोलणी, जाहिरात, गाण्यांचे प्रक्षेपण, अर्वाच्य भाषा आणि गुप्त सांकेतिक लिपी ह्यांना हौशी सेवेत मज्जाव आहे. आणि कोणी दांडगाई करीत शिव्या देऊ लागला किंवा मुद्दाम अडथळा आणू लागला, तर त्यास उत्तर देऊ नये, ही जुन्या लोकांची शिकवण. उत्तर हेच त्याचे खाद्य होय; ते मिळाले नाही म्हणजे तो कंटाळून जातो.

गुप्ततेचाही एक नियम आहे, आणि तो मला ह्या सर्वांत सुंदर वाटतो. बिनतारी यंत्रावर आपल्यासाठी नसलेले बोलणे कानी पडणारच. ते टाळता येत नाही. पण जे आपल्यासाठी नव्हते ते दुसऱ्यास सांगू नये, त्याचा उपयोग करू नये, असा आंतरराष्ट्रीय करार आहे व आपल्या नियमांतही तो आहे. चाळीत वाढलेल्या माणसांस ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. भिंतीपलीकडचे भांडण ऐकू येते; ते नळावर सांगावयाचे की नाही, हे ज्याच्या-त्याच्या कुलीनतेवर अवलंबून असते.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असता ह्या जुन्या खटाटोपाचा उपयोग काय, हा आक्षेप सर्वत्र ऐकू येतो. त्याचे उत्तर साकीनाक्यास २६ जुलै २००५ ह्या दिवसाने दिले आहे. त्या एका दिवसात सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी रस्त्यांवरून वाहिली, विमानतळ बंद झाला, आणि आपल्या साकीनाक्यात टेकडीची दरड झोपड्यांवर कोसळून पन्नासांहून अधिक जीव गाडले गेले. वीज गेली, मनोऱ्यांचे विद्युद्घट संपले, जे दूरध्वनी चालू होते ते एकाच वेळी सर्वांनी उचलल्यामुळे तुंबले. आणि लक्षावधी माणसांस आपली मुले शाळेत आहेत की रस्त्यावर, हे त्या रात्री कळेना. आज चाळिशीत असलेल्या पालकांना ती रात्र आठवत असेल. मनोऱ्यावाचून, कंपनीवाचून, मोटारीच्या विद्युद्घटावर चालणारे यंत्र आणि ते शांतपणे वापरू शकणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत असता, तर दरड थांबली नसती. पण मदत कोठे हवी ही बातमी तरी चालत जावी लागली नसती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला तेव्हा हौशी बिनतारी मंडळी आपली यंत्रे घेऊन तेथे गेली होती. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटा अंदमानवर आल्या, त्या वेळी भारती प्रसाद ह्या बाई आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे, सरकारची रीतसर अनुमती घेऊन, जगातील हौशी मंडळींशी बोलण्याच्या खेळासाठी गेलेल्या होत्या. बेटांचा संपर्क तुटल्यावर तोच खेळ कामाचा झाला. त्यांच्या यंत्रावरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळू लागली. त्यांनी यंत्र चोरून नेले असते तर त्या दिवशी ते उघडपणे वापरून सरकारी अधिकाऱ्यांशी खांद्याला खांदा लावून काम करता आले असते काय, ह्याचा विचार करावा.

पालकांची एक शंका उरते, आणि ती खरी आहे : ह्या नादाने अभ्यास बुडेल. बुडू शकतो. सन १९२८ मध्ये पॉल सेगल नावाच्या एका अमेरिकन हौशी गृहस्थाने आपल्या बांधवांसाठी जी आचारसंहिता लिहिली, तीत सौजन्य, निष्ठा, मैत्री, देशसेवा ह्यांच्या जोडीस समतोल हा गुणही घातला आहे. घर, नोकरी, शाळा ह्यांच्या कर्तव्यांत ह्या छंदाने व्यत्यय आणू नये, असा त्याचा आशय. एका छंदाने स्वतःच आपल्यावर घातलेली ही मर्यादा मोबाइलवरील खेळांच्या कारखानदारांनी कधी घातल्याचे ऐकिवात नाही. आणि अभ्यास व हा छंद एकाच छपराखाली नांदू शकतात ह्यास मिशनच्या शाळांतलेच उदाहरण आहे. पाटण्यास व पुढे काठमांडूजवळील गोदावरी येथे सेंट झेवियर्स शाळा चालविणारे जेझुइट पाद्री मार्शल मोरन हे कित्येक वर्षे नेपाळातून जगाशी बोलत. ९ एन १ एम. एम. ही त्यांची खूण, आणि तिच्यातील अखेरच्या दोन अक्षरांचा उलगडा ते 'मिकी माऊस' असा करीत. शाळा उत्तम चालली, आणि जगभरच्या हौशी मंडळींना नेपाळ हा देश ह्या पाद्रीबाबांच्या आवाजानेच ओळखीचा झाला.

सरकारकडेही काही मागणे आहे. नियम व परीक्षेची तयारी ह्यांविषयीची सोपी पुस्तके मराठीत सुलभ व्हावीत, बारा वर्षांच्या मुलास ती समजावीत. परीक्षा वरचेवर व जवळच्या ठिकाणी व्हाव्यात. नियम कडक असण्यास हरकत नाही. पण ते पाळू इच्छिणाऱ्यास त्यांपर्यंत पोचणे कठीण आणि मोडू इच्छिणाऱ्यास यंत्र मिळणे सोपे, ही उलटी स्थिती कोणत्याही शासनास शोभत नाही. मुंबईचा ह्या बाबतीतील वारसा लहान नाही : सरकारने लक्ष घालण्यापूर्वीच, १९२३ च्या जून महिन्यात, येथील रेडिओ क्लबाने ध्वनिप्रक्षेपण केले होते, आणि कंपनीचे नियमित केंद्र त्यानंतर चार वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, ह्याच शहरात सुरू झाले.

आपल्या शाळेतही असे एखादे मंडळ निघावे अशी आमची सूचना आहे. खर्चाचे भय नको. आरंभी बोलण्याचे यंत्रच नको. एक साधा ऐकण्याचा संच, मोर्सची एक कळ, नियमांचे एक पुस्तक आणि शनिवारचा एक तास पुरे. पहिले सहा महिने मुलांनी फक्त ऐकावे. त्यांतील जी टिकतील त्यांनी परीक्षेस बसावे. विमानतळ इतका जवळ असल्यामुळे गच्चीवर उंच खांब उभारण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न निघेल. पण खांबाची आवश्यकताच नाही. उषाताईंच्या केंद्राची ती ४२.३४ मीटरची लहर म्हणजे आजच्या भाषेत ७ मेगाहर्ट्झहून किंचित वर, आणि तो भाग आता हौशी मंडळींच्या हक्काच्या पट्ट्यात, ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये, येतो. त्यासाठी वीस मीटरच्या आसपास लांबीची, मध्यभागी जोडलेली तांब्याची साधी तार लागते. शाळेचा वरचा व्हरांडा त्याहून लांब आहे.